कागदाला सावली हवी

पेशवेकालीन मोडी पत्र आजही बिनदिक्कत उलगडता येते; पन्नास वर्षांपूर्वीच्या वृत्तपत्राची घडी मात्र हात लागताच तुटते. नव्याने जुन्याआधी जीर्ण व्हावे, हा काळाचा नव्हे, कागदाच्या घडणीचा दोष होय. जुना हातकागद चिंध्या, ताग यांच्या चिवट तंतूंचा असे. वृत्तपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा. त्यात उरलेले लिग्निन सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेते, प्राणवायूशी संयोग पावून पिवळे पडते आणि त्यातून उपजणारी आम्ले तंतूंना पोखरतात. खिडकीची साधी काच या किरणांना पुरते अडवीत नाही.

यावर रसायनशास्त्राने सूक्ष्मकणांच्या लेपाचा उपाय पुढे केला आहे. मीटरच्या शंभर कोटीव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. काही दशक नॅनोमीटर आकाराचे झिंक ऑक्साइडचे कण पातळ थरात पसरले, तर अक्षरे झाकली न जाता अतिनील किरण वरच्यावर शोषले जातात. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांतही हेच द्रव्य असते. फ्लॉरेन्सच्या शास्त्रज्ञांनी तर चुन्याच्या अशाच कणांनी कागदातील आम्लता घटविण्याची रीत सिद्ध केली आहे.

तथापि उत्साहाला विवेकाची जोड हवी. टिटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषते खरे. पण त्याच किरणांच्या योगे ते भोवतालच्या तंतूंचे ऑक्सिडीकरणही घडवू शकते. झिंक ऑक्साइडही या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाही. म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याचा धोका! शिवाय दृश्य प्रकाशही शाई उडवितो. त्यावर हा लेप पुरेसा नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून विल्यम बॅरो यांच्या पद्धतीने असंख्य दस्तऐवज सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यात बंद करण्यात आले. पुढे तो पापुद्राच उपद्रवी ठरला आणि तो सोडविणे जिकिरीचे झाले. जे काढता येत नाही ते दुर्मीळ कागदावर चढवू नये, हा त्याचा धडा.

म्हणून लेपाची परीक्षा आधी रद्दीवर व्हावी; ग्रंथालयाच्या एकमेव प्रतीवर नव्हे. तोवर जाड पडदे, बंद कपाटे आणि प्रदर्शनात ५० लक्सपेक्षा अधिक नसलेला उजेड, एवढे पथ्य कोणत्याही गावच्या वाचनालयाला परवडणारे आहे. प्रकाशाने केलेली हानी कोणताही लेप भरून काढीत नाही. गावोगावच्या जुन्या अंकांत महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाची जी साक्ष आहे, ती वाचवायची तर प्रयोगशाळेची वाट पाहत खिडक्या उघड्या ठेवून चालणार नाही.