मुंबईतील नळाच्या पाण्याची गुणवत्ता

मुंबईतील नळाचे पाणी बृहन्मुंबई महानगरपालिका पुरवते. ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील धरणे आणि खुद्द मुंबईतील विहार व तुळशी हे तलाव त्याचे स्रोत आहेत. शहराला दररोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे हे पाणी सामान्यतः पिण्यायोग्य असते. मात्र केंद्रापासून घरातील नळापर्यंतच्या प्रवासात, विशेषतः अखेरच्या टप्प्यात, ते दूषित होण्याची शक्यता असते. त्यामुळे एकाच स्रोताचे पाणी एका वस्तीत निर्धोक, तर शेजारच्या वस्तीत आजाराचे कारण ठरू शकते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईकर विहिरी आणि लहान तलावांच्या पाण्यावर अवलंबून होते. लोकसंख्या वाढली तशी ही साधने अपुरी पडू लागली. इ.स. १८५४ मध्ये पाऊस कमी झाल्याने शहराला पाण्याची तीव्र टंचाई भोगावी लागली. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले व १८६० मध्ये पूर्ण झाले. पुढे तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) हे तलाव बांधण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात वैतरणा नदीवरील मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा व मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे आणि भातसा धरण यांची भर पडली. आज शहराच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा एकट्या भातसा प्रकल्पातून येतो.

पाणलोट क्षेत्राची निगा किती महत्त्वाची असते, हे पवई तलावाच्या उदाहरणावरून दिसते. पाणीपुरवठ्यासाठी हा तलाव १८९१ च्या सुमारास बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने त्याचा तसा वापर लवकरच थांबला. पुढे भोवताली वस्ती वाढली व सांडपाणी तलावात येऊ लागले. याउलट तुळशी व विहार यांचे पाणलोट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वनाने, तर तानसा तलावाचे पाणलोट अभयारण्याने राखलेले आहे. पाणलोटात दाट वस्ती आणि कारखाने नसल्यामुळे मुंबईच्या कच्च्या पाण्यात औद्योगिक रसायनांचे प्रमाण अल्प असते.

शुद्धीकरणाची प्रक्रिया

मुंबईच्या पाण्याचे शुद्धीकरण मुख्यतः भांडुप संकुल आणि भिवंडी तालुक्यातील पांजरापूर येथे होते. धरणांतील पाणी हे बहुतांशी पावसाचे असल्याने ते मृदू असते आणि त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. पावसाळ्यात मात्र डोंगरउतारावरील माती वाहून आल्याने त्याचा गढूळपणा वाढतो.

शुद्धीकरणाचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात. प्रथम पाण्यात तुरटी किंवा पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड मिसळतात. त्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. हे जड झालेले पुंजके निवळण टाक्यांत तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या गाळण्यांतून जाते व शेवटी त्यात क्लोरीन मिसळला जातो. गढूळपणा काढणे हे केवळ दिसण्यासाठी आवश्यक नसते. मातीच्या कणांच्या आडोशाला राहिलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. म्हणून पाणी आधी स्वच्छ व मगच निर्जंतुक करावे लागते.

क्लोरीनचे काम केंद्रातच संपत नाही. पाण्यातील जंतू व सेंद्रिय द्रव्ये यांच्यावर खर्च होऊन जो क्लोरीन उरतो, त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. वाटेत थोडीफार घाण शिरल्यास तिचा प्रतिकार तोच करतो. नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा सौम्य वास हा पाणी खराब असल्याचा पुरावा नसून हे संरक्षण अद्याप शिल्लक असल्याची खूण आहे. वास अगदीच नसणे मात्र कधीकधी चिंतेचे कारण ठरू शकते.

पिण्याच्या पाण्याची मानके

भारतात पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० : २०१२ हे मानक लागू आहे. त्यातील काही प्रमुख मर्यादा अशा :

गढूळपणा : स्वीकार्य मर्यादा १ एकक, पर्यायी स्रोत नसल्यास कमाल ५ एकके.
सामू : ६.५ ते ८.५.
एकूण विरघळलेले क्षार : स्वीकार्य ५००, पर्यायी स्रोत नसल्यास कमाल २,००० मिलिग्रॅम प्रति लिटर.
नायट्रेट : ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, सवलत नाही.
शिसे : ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, सवलत नाही.
अवशिष्ट क्लोरीन : किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. विषाणूंपासून संरक्षण हवे असल्यास किमान ०.५.
ई. कोलाय जीवाणू : १०० मिलिलिटर नमुन्यात एकही आढळता कामा नये.

ई. कोलाय हा जीवाणू माणसाच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. त्याचे सर्वच प्रकार रोगकारक नसतात. परंतु तो पाण्यात सापडणे म्हणजे त्या पाण्याशी विष्ठेचा संपर्क आला आहे, असे मानले जाते. प्रत्येक रोगजंतू स्वतंत्रपणे शोधणे कठीण असल्याने या एका निर्देशकावर तपासणीचा भर असतो.

दूषित होण्याची कारणे

खंडित पुरवठा : मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते. वाहिनी भरलेली व दाबाखाली असताना तडा असला तरी पाणी आतून बाहेर जाते. बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होऊ लागते आणि दाब नाहीसा होतो. अशा वेळी त्याच तड्यातून भोवतालच्या मातीतील सांडपाणी आत झिरपते. पुढच्या वेळी पाणी सुटले की ही घाण पहिल्या धारेबरोबर घरोघरी पोहोचते. पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त येते, त्यामागे बहुधा हे कारण असते.

जुन्या व गंजलेल्या वाहिन्या : शहराच्या जुन्या भागांतील काही वाहिन्या अनेक दशकांपूर्वीच्या आहेत. मुंबईचा मोठा भाग समुद्रात भराव घालून तयार झालेला असल्याने तेथील दमट, खारट जमीन लोखंड गंजण्यास पोषक ठरते. अरुंद गल्ल्यांत जलवाहिनी व मलनिःसारण वाहिनी एकमेकींच्या अगदी जवळून जातात. दाट वस्त्यांत घरगुती जोडण्यांचे बारीक नळ अनेकदा उघड्या गटारांतून नेलेले असतात.

थेट जोडलेले पंप : दाब कमी असल्याने काही ग्राहक जलवाहिनीला थेट पंप जोडतात. हे नियमबाह्य आहे. अशा पंपामुळे वाहिनीत शोषण निर्माण होते आणि आजूबाजूच्या तड्यांतून सांडपाणी अधिक वेगाने ओढले जाते. त्याचा फटका पंप लावणाऱ्याइतकाच शेजाऱ्यांनाही बसतो.

इमारतींच्या टाक्या : पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे इमारतींना जमिनीखालील टाकी व गच्चीवरील टाकी बांधाव्या लागतात. झाकण तुटलेले असणे, भिंतीला तडा जाणे, पावसाचे पाणी आत शिरणे, वर्षानुवर्षे गाळ न काढणे, या कारणांनी चांगले पाणी इमारतीच्या आवारात आल्यावर बिघडते. साठवणीत वेळ जातो तसा अवशिष्ट क्लोरीनही कमी होत जातो. टाक्यांची देखभाल ही महानगरपालिकेची नव्हे, तर इमारतीच्या मालकाची किंवा गृहनिर्माण संस्थेची जबाबदारी असते.

प्रमुख दूषित घटक

मुंबईच्या पाण्यात मुख्य धोका जैविक दूषणाचा आहे. विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून पटकी, विषमज्वर, अतिसार, आमांश तसेच हिपॅटायटिस ए व हिपॅटायटिस ई या प्रकारची कावीळ पसरते. लहान मुलांत जुलाबामुळे शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊन जिवाला धोका निर्माण होतो. हिपॅटायटिस ई हा गर्भवती स्त्रियांना विशेष घातक ठरतो.

रासायनिक घटकांपैकी लोह हा सर्वांच्या परिचयाचा आहे. गंजलेल्या वाहिनीमुळे पाणी तांबूस दिसते, चव धातूसारखी लागते व कपड्यांवर डाग पडतात. शिसे हे रंग, वास किंवा चव यांवरून ओळखता येत नाही. जुनी झाळण आणि पितळेचे काही नळ यांतून ते पाण्यात उतरू शकते व मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. याशिवाय पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकी आहे. या संयुगांचा धोका दीर्घकालीन व अल्प असतो, तर निर्जंतुक न केलेल्या पाण्याचा धोका तात्काळ व मोठा असतो. म्हणून त्यांच्या भीतीने क्लोरीनचा वापर टाळणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य मानले जात नाही.

तपासणी

महानगरपालिका सेवा जलाशय, जलवाहिन्या व ग्राहकांचे नळ यांवरून पाण्याचे नमुने घेते आणि आपल्या प्रयोगशाळेत त्यांची जीवाणूविषयक तपासणी करते. जागेवर अवशिष्ट क्लोरीन पाहण्यासाठी रंगबदलाची सोपी चाचणी वापरतात. ऑर्थोटोलिडिन मिसळल्यावर पाणी पिवळे झाल्यास क्लोरीन शिल्लक असल्याचे समजते. जीवाणूंच्या तपासणीचा निष्कर्ष मिळण्यास साधारण एक-दोन दिवस लागतात. तोपर्यंत ते पाणी वापरले गेलेले असते. यामुळे क्लोरीनच्या तात्काळ चाचणीला विशेष महत्त्व आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोने दिल्लीसह २१ शहरांतील नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यात मुंबईचे सर्व १० नमुने तपासलेल्या प्रत्येक कसोटीवर उतरले आणि शहराला पहिले स्थान मिळाले. या निष्कर्षातून स्रोत व शुद्धीकरण यांची गुणवत्ता स्पष्ट होते. तथापि २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरातील प्रत्येक गल्लीची स्थिती दहा नमुन्यांवरून ठरवता येत नाही.

पुरवठ्यातील विषमता

पाण्याची गुणवत्ता आणि राहण्याच्या जागेची कायदेशीर स्थिती यांचा मुंबईत निकटचा संबंध आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहरातील दहापैकी सुमारे चार व्यक्ती झोपडपट्टीत राहत होत्या. राज्य शासनाच्या १९९६ च्या परिपत्रकानुसार १ जानेवारी १९९५ नंतरच्या अनधिकृत झोपड्यांना नळजोडणी देण्यास मनाई होती. पुढे ही कालमर्यादा वाढवली गेली, तरी तिच्या बाहेरील कुटुंबांना टँकर, शेजारच्या वस्तीतून विकत आणलेले पाणी किंवा अनधिकृत जोडणी यांवर अवलंबून राहावे लागे. असे पाणी महाग तर पडतेच. शिवाय पिंप, हंडे व रबरी नळ्या यांतून हाताळले जाताना ते दूषित होण्याची शक्यता वाढते.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. पिण्याचे पाणी मिळण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असून झोपडी अनधिकृत आहे, एवढ्या कारणावरून पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मे २०२२ मध्ये महानगरपालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण लागू केले.

महाराष्ट्रातील इतर शहरे

वाहिन्यांतील दाब आणि क्लोरीन यांचे महत्त्व इतर शहरांच्या अनुभवांतूनही दिसते. पंचगंगेच्या प्रदूषणाची झळ सोसणाऱ्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे लक्षणसमूहाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडल्याने दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले. दुसरीकडे, कराडजवळील मलकापूर येथे चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना यशस्वीपणे राबवण्यात आली. तीत वाहिन्या सतत दाबाखाली राहतात.

रत्नागिरीसारख्या कोकणातील लहान शहरात स्रोत जवळ असतो. रत्नागिरीला शीळ व पानवल येथील धरणांतून पाणी मिळते. येथील पाणीही मुंबईप्रमाणेच पावसाचे व मृदू असते. मात्र कोकणातील जांभा खडक सच्छिद्र असल्याने शौचालयाच्या खड्ड्यांतील पाणी जवळच्या विहिरीपर्यंत सहज झिरपू शकते. त्यामुळे नळाच्या जोडीला विहिरीचे पाणी वापरणाऱ्या घरांत, विशेषतः पावसाळ्यात, विहिरीचे निर्जंतुकीकरण आवश्यक ठरते.

घरगुती उपाय व गैरसमज

साथीच्या काळात किंवा पाणी गढूळ आल्यास ते गाळून, खळखळून उकळून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. उकळल्याने जीवाणू, विषाणू व परजीवी नष्ट होतात. शिसे किंवा क्षार मात्र जात नाहीत. ठरावीक प्रमाणात क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण मिसळून किमान अर्धा तास थांबणे हा दुसरा उपाय आहे. पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी न भरता धुण्यासाठी वापरणे, पिण्याचे पाणी झाकून ठेवणे, ओगराळ्याने काढणे आणि टाक्या नियमितपणे स्वच्छ करणे यांमुळे धोका कमी होतो. दूषित पाण्याची तक्रार मुंबईत महानगरपालिकेच्या १९१६ या क्रमांकावर करता येते.

विरघळलेले क्षार मोजणारे खिशातील मापक हे पाण्याच्या शुद्धतेचे मापक आहे, हा एक प्रचलित गैरसमज आहे. हे उपकरण जंतू दाखवत नाही. त्यावर अत्यंत कमी आकडा दाखवणारे पाणीही सांडपाण्याने दूषित असू शकते. त्याचप्रमाणे व्यत्यासी परासरणावर चालणारी, म्हणजे ‘आरओ’ शुद्धीकरण यंत्रे मुख्यतः खाऱ्या पाण्यासाठी उपयुक्त असतात. मुंबईचे पाणी मुळातच कमी क्षारांचे असल्याने तेथे त्यांची सहसा गरज नसते. शिवाय अशा यंत्रांत बरेच पाणी वाया जाते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असेल तेथे ही यंत्रे वापरण्यास मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये दिला होता.

घरातील यंत्र फक्त त्या घराचे रक्षण करते. वाहिनीतील गळती थांबवणे, दाब टिकवणे आणि अखेरच्या नळापर्यंत पुरेसा अवशिष्ट क्लोरीन राखणे या उपायांचा लाभ मात्र, यंत्र विकत घेऊ न शकणाऱ्या कुटुंबांसह, त्या वाहिनीवरील सर्वांनाच मिळतो.