घरचा गिटार अ‍ॅम्प : वॉट मोजू नका, हळू वाजवून बघा

इलेक्ट्रिक गिटार घेऊन झाली की प्रश्न उरतो अ‍ॅम्पचा, आणि दुकानात पहिली चौकशी होते ती वॉटची. वीसचा पुरेल की चाळीसचा घ्यावा? ट्यूब अ‍ॅम्प परवडत नाही, तर मॉडेलिंगवर भागवावं का? उद्या स्टेजवर वाजवायची वेळ आली तर? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच समज असतो : जो अ‍ॅम्प स्टेजवर चांगला तोच घरीही चांगला, फक्त आवाज कमी करून वाजवायचा. गोंधळ इथूनच सुरू होतो. घरात वाजवणाऱ्याच्या वाट्याला एक खोली येते, भिंतीपलीकडे शेजारी असतात आणि सराव बहुधा रात्री नऊनंतरच जमतो. तेव्हा घरच्या अ‍ॅम्पला विचारण्यासारखा प्रश्न एकच : अगदी हळू वाजवल्यावर तो कसा वाजतो? अ‍ॅम्पविषयीचे बहुतेक गैरसमज या एका प्रश्नापुढे टिकत नाहीत.

गैरसमज : वॉट दुप्पट, तर आवाज दुप्पट

कान वॉटच्या हिशेबाने ऐकत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कळतो, पण दचकवत नाही. आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. म्हणजे स्पीकर तोच ठेवला, तर ५० वॉटचा अ‍ॅम्प ५ वॉटच्या अ‍ॅम्पच्या दुप्पटच मोठा वाटेल. त्यात स्पीकरची संवेदनशीलता वेगळी मोजावी लागते. सेलेशन कंपनीचा ‘व्हिंटेज ३०’ हा गाजलेला स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर १०० डेसिबल आवाज देतो. स्वस्त अ‍ॅम्पमधले छोटे स्पीकर बरेचदा यापेक्षा काही डेसिबल कमी देतात. ३ डेसिबलने जास्त संवेदनशील स्पीकर बसवणं म्हणजे वॉट दुप्पट करण्यासारखंच आहे, पण किमतीच्या पाटीवर वॉट ठळक छापलेले असतात आणि ही संवेदनशीलता सहसा नसतेच.

आता हाच हिशेब उलटा करून पाहू. एका वॉटला १०० डेसिबल, तर वॉटच्या दहाव्या भागाला ९०, शंभराव्या भागाला ८० आणि हजाराव्या भागाला ७०. दोन माणसांचं साधं बोलणं एक मीटरवर साठ डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे घरातल्यांना त्रास न देता सराव करणारा माणूस खरं तर मिलिवॉटमध्ये वाजवत असतो, आणि २० की ४० हा वाद कधीच न वापरल्या जाणाऱ्या वॉटांबद्दलचा असतो. मोठ्या अ‍ॅम्पचा घरातला खरा त्रास व्हॉल्यूमच्या बटणावर दिसतो. सगळा खेळ शून्य आणि एक या आकड्यांमध्ये चालतो. तिथे बटण केसभर सरकलं की आवाज एकदम उसळतो, केसभर मागे घेतलं की गायब होतो. म्हणूनच आता काही अ‍ॅम्पना पॉवर कमी करायचा खटका दिलेला असतो. बॉस कंपनीच्या ५० वॉटच्या ‘कटाना’त तो अर्ध्या वॉटपर्यंत खाली येतो. अशी सोय नसेल तर जास्त वॉट घरात अडचणच करतात.

गैरसमज : ५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे घरगुती अ‍ॅम्प

ट्यूब म्हणजे जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत असायच्या तशाच काचेच्या नळ्या. त्यांचा गोडवा वाखाणला जातो तो प्रामुख्याने अ‍ॅम्प ताणल्यावर येणाऱ्या विकृतीसाठी, म्हणजे डिस्टॉर्शनसाठी. आउटपुट ट्यूब क्षमतेच्या टोकाला गेली की सुराच्या कडा गोलसर दबतात, आणि वादकांना हवा असतो तो हाच आवाज. अडचण अशी की ५ वॉटचं टोक घरासाठी फार वर आहे. ‘व्हिंटेज ३०’सारख्या स्पीकरवर ५ वॉट म्हणजे एका मीटरवर सुमारे १०७ डेसिबल, कमी संवेदनशील छोटा स्पीकर घेतला तरी आकडा शंभराच्या आसपास राहतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फेंडर चॅम्प हा पाच वॉटांच्या आसपासचा इवलासा अ‍ॅम्प विद्यार्थ्यांसाठी म्हणून बाजारात आला, पण एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये ‘लैला’ अल्बमच्या ध्वनिमुद्रणात तोच वापरला. लहान ट्यूब अ‍ॅम्पला हळू समजू नये, एवढं यावरून पुरेसं स्पष्ट होतं.

यावर ट्यूबप्रेमींचं उत्तर तयार असतं : मास्टर व्हॉल्यूम आहे, अ‍ॅटेन्युएटर आहे. दोन्ही उपयोगी आहेत, हे मान्यच. पण मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून मिळणारं डिस्टॉर्शन आउटपुटच्या आधीच्या टप्प्याचं, म्हणजे प्रीअ‍ॅम्पचं असतं. ज्या आउटपुट ट्यूबसाठी पैसे मोजले ती निवांत बसलेली असते. अ‍ॅटेन्युएटर आउटपुट ट्यूबला काम करू देतो आणि जादा शक्ती उष्णतेत घालवतो, तरी स्पीकर मात्र ताणला जात नाही. त्यात आपला कानही बदलतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज कमी झाला की खर्जातले आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त फिके ऐकू येतात. मोठ्या आवाजात भरदार वाटलेला टोन तशाच सेटिंगवर हळू वाजवला की पातळ आणि डब्यातून आल्यासारखा वाटतो, तो यामुळे. घरासाठी म्हणून बनवलेले चांगले अ‍ॅम्प हळू आवाजाला धरूनच जुळवलेले असतात. यामाहाने २०११ मध्ये आणलेल्या ‘टीएचआर’ मालिकेमागची कल्पना हीच होती. त्यातल्या १० वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये आठ सेंटिमीटरचे दोन छोटे स्पीकर आहेत.

गैरसमज : खरा टोन फक्त ट्यूबचा

या समजाला इतिहास आहे. १९६०च्या दशकातले बरेच ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प खरोखरच वाईट होते. ताणले की कर्कश व्हायचे आणि बिघडायचेही. बदनामी तेव्हा झाली ती टिकून राहिली, तंत्र मात्र पुढे गेलं. रोलंडचा १९७५ सालचा जेसी-१२० पूर्ण ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प आहे आणि स्वच्छ टोनसाठी आजही नावाजला जातो. ब्लूजचे बादशहा बी. बी. किंग अनेक वर्षं लॅब सिरीज एल-५ वापरत, तोही ट्रान्झिस्टरचाच. ‘ट्यूबचा एक वॉट म्हणजे ट्रान्झिस्टरचे तीन’ हेही असंच ऐकीव गणित. वॉट हा वॉटच असतो. ट्यूब अ‍ॅम्प क्षमतेच्या पलीकडे ताणला तरी कानाला गोड लागतो, म्हणून तो जास्त ताणून वापरता येतो आणि मोठा भासतो.

ट्यूबला बोटांचा स्पर्श जास्त कळतो, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. जोरात छेडलं की आवाज किंचित दबून पुन्हा फुलतो, आणि हा अनुभव वादकाला खरोखर येतो. पण तो बराचसा आउटपुट विभाग ताणलेला असतानाचा आहे. घरच्या आवाजात, म्हणजे मिलिवॉटच्या पातळीवर, ट्यूब आणि ट्रान्झिस्टर यांतलं अंतर सगळ्यात कमी होतं. ज्या फरकासाठी जास्त पैसे मोजायचे तो जिथे सगळ्यात कमी ऐकू येतो, तिथेच ट्यूब अ‍ॅम्प ठेवायचा असतो. वर त्याच्या ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात. आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि अ‍ॅम्प बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये घातक भार राहू शकतो. घरी उघडून बघण्याची ही वस्तू नाही.

गैरसमज : मॉडेलिंग म्हणजे नक्कल, आणि घेतलाच तर जास्तीत जास्त इफेक्ट असलेला घ्यावा

मॉडेलिंग अ‍ॅम्प वेगवेगळ्या अ‍ॅम्पचं वागणं गणिताने उभं करतो. लाइन ६ने १९९६ मध्ये असा अ‍ॅम्प बाजारात आणला, तेव्हापासून हे तंत्र बरंच सुधारलं आहे. घराच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा, की डिस्टॉर्शनचं प्रमाण आणि आवाजाची पातळी यांची फारकत होते. ताणलेल्या अ‍ॅम्पचा टोन कुजबुजीच्या पातळीवर मिळतो. ट्यूबला नेमकं हेच जड जातं. त्यामुळे ‘नक्कल’ हा आक्षेप घरात फारसा टिकत नाही. तुलना करायची ती घरी प्रत्यक्ष जेवढ्या आवाजात वाजवणार त्या आवाजातल्या ट्यूब अ‍ॅम्पशी, आणि तिथे तो मूळ अ‍ॅम्पही त्याच्या प्रसिद्ध टोनमध्ये वाजत नसतो.

दुसऱ्या टोकाला इफेक्टची हाव असते. तयार प्रीसेट दुकानात छाप पाडण्यासाठी जुळवलेले असतात : भरपूर रिव्हर्ब, भरपूर गेन. त्यात तारेवर घसरलेलं बोट झाकलं जातं आणि अर्धवट दाबलेली कॉर्डही भरदार वाटते. शिकणाऱ्यासाठी हा तोटाच आहे. एक स्वच्छ टोन, एक मध्यम ओव्हरड्राइव्ह आणि थोडा रिव्हर्ब एवढं चांगलं असेल, तर बाकीचे शंभर नसले तरी चालतील. ज्या अ‍ॅम्पचे निम्मे गुण मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दडलेले आहेत त्याचं आयुष्य त्या अ‍ॅपशी बांधलेलं असतं, हेही विसरू नये.

गैरसमज : स्पीकर कुठलाही चालतो

घरात होम थिएटर आहे, ब्लूटूथ स्पीकर आहे. मग वेगळा अ‍ॅम्प कशाला? कारण गिटारचा पिकअप अगदी दुबळा आणि उच्च इम्पिडन्सचा संकेत देतो. गिटार अ‍ॅम्पचं इनपुट सहसा एक मेगाओहमच्या आसपास असतं. म्युझिक सिस्टिमचं त्यापेक्षा कितीतरी कमी. तिथे थेट गिटार जोडली की आवाज क्षीण आणि मंद होतो. दुसरं कारण स्पीकरमध्येच आहे. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. डिस्टॉर्शनचा खरखराट त्या गाळणीमुळेच सुसह्य होतो. पूर्ण पट्ट्याच्या स्पीकरवर तोच आवाज चिरका येतो, म्हणून मॉडेलिंगमध्ये कॅबिनेटचीही प्रतिकृती करावी लागते. उलट अकूस्टिक गिटारला वरचे स्वर हवे असतात, म्हणून तिला इलेक्ट्रिकचा अ‍ॅम्प मानवत नाही. साध्या ब्लूटूथने आवाज बऱ्याचदा शंभर मिलिसेकंदांहून उशिरा पोचतो. गाणं ऐकायला ते चालतं, पण आपलंच वाजवणं मागाहून ऐकू आलं की लय तुटते. अ‍ॅम्पमधल्या ब्लूटूथचा उपयोग गाणं लावून त्यावर साथ करण्यापुरता. स्वतःचं वाजवणं ऐकायला हेडफोन वायरचाच हवा. तोही बेताने : जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यापुढे आवाज वाढेल तशी वेळ घटवावी लागते.

गैरसमज : पुढे स्टेजवर लागेल, तर एकदाच मोठा घ्यावा

१०० वॉटचे अ‍ॅम्प एका विशिष्ट गरजेतून जन्मले. १९६०च्या दशकात हॉल आणि गर्दी वाढत होती, पण ध्वनिक्षेपण यंत्रणा दुबळी होती. गिटारचा आवाज स्टेजवरच्या अ‍ॅम्पनेच शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा होता. लंडनमध्ये ‘द हू’च्या पीट टाउनशेंडसारख्या वादकांनी जिम मार्शलकडे जास्त ताकदीचे अ‍ॅम्प मागितले ते त्यासाठी. आज छोट्या अ‍ॅम्पसमोर माइक ठेवला किंवा लाइन आउट दिला की बाकीचं काम हॉलची यंत्रणा करते. न ठरलेल्या कार्यक्रमासाठी मोठा अ‍ॅम्प आणणं म्हणजे दोन माणसांची आमटी रोज पंगतीच्या पातेल्यात करणं. याच हौसेतून अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून अ‍ॅम्प मागवला जातो. तो १२० व्होल्टचा असेल आणि फक्त पिन बदलून आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर जळेल. अ‍ॅम्पच्या किंवा अ‍ॅडॉप्टरच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर हरकत नाही; नसेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

दुकानात जाताना आपलीच गिटार न्या. प्रीसेट बंद करून स्वच्छ टोन लावा आणि आवाज इतकाच ठेवा, की शेजारी उभ्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. मग जाड तार तळहाताने दाबून वाजवा आणि एक पूर्ण कॉर्ड छेडा. खर्ज शाबूत आहे का, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते का, व्हॉल्यूम थोडा फिरवल्यावर आवाज थोडाच बदलतो का, हे बघा. अ‍ॅम्प जमिनीवर, गुडघ्यांकडे तोंड करून ठेवलेला असेल तर तो उचलून कानाकडे तिरका करा. गिटार स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत जातात, त्यामुळे नुसतं एवढं केल्यानेही कमी आवाजात जास्त स्पष्ट ऐकू येतं. या परीक्षेत उतरलेला अ‍ॅम्प ५ वॉटचा असो की ५०चा, ट्यूबचा असो की चिपचा, तोच घ्या. हळू आवाजात जो निराश करतो, तो कितीही नामांकित असला तरी दुकानातच राहू द्या.