विहिरीतील नायट्रेट: उमरेडचा ऋतू आणि दशकांचा कल

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. दुसरा स्रोत नसला तरी त्यात सवलत नाही. नायट्रेटला रंग, वास नसतो. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाच्या शरीरात त्याचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. विहिरीचे पाणी आणि निळी पडणारी बाळे यांचा संबंध अमेरिकेतील आयोवाचे डॉक्टर हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये मांडला.

नागपूर जिल्ह्यातील उमरेड तालुका कापूस, सोयाबीन, मिरची, गहू आणि हरभऱ्याचा. सोयाबीन आणि हरभरा हवेतला नत्र स्वतः बांधतात; कापूस, मिरची, गहू यांना तो वरून द्यावा लागतो. युरियाच्या ४५ किलोच्या चुंगडीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते ९२ किलोच्या आसपास भरते, म्हणजे वीस लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेपर्यंत पोचवण्याइतके. मातीतील जिवाणू युरियाचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. अमोनियम चिकणमातीला धरून राहते. नायट्रेटवर ऋण भार असल्याने माती त्याला धरत नाही आणि ते पाण्याबरोबर खाली उतरते. गोठा, उकिरडा आणि शोषखड्डे हेही त्याचे मोठे स्रोत आहेत, म्हणून गावठाणातली विहीर कित्येकदा शेतातल्या विहिरीपेक्षा जास्त दूषित निघते. खुल्या कोळसा खाणींत वापरली जाणारी स्फोटकेही बहुधा अमोनियम नायट्रेटचीच असतात, त्यामुळे उमरेडसारख्या खाणपट्ट्यात खाणीचे पाणीही तपासायला हवे.

ऋतूंचा खेळ काळ्या मातीत ठळक दिसतो. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि मृगाचे पाणी मातीत न मुरता भेगांतून थेट मुरमापर्यंत जाते. वर साठलेले नायट्रेट त्याच्यासोबत उतरते. पुढे भरपूर पाऊस झाला, तर विहीर भरून तेच पाणी पातळ होते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात निवडक केंद्रांवर मर्यादा ओलांडणारे नमुने पावसाळ्याआधी सुमारे ३१ टक्के आणि नंतर सुमारे ३३ टक्के होते. फरक लहान आहे, पण पावसाने पाणी आपोआप शुद्ध होते हा समज त्याने खोडला जातो.

दीर्घकालीन कल वाचताना जास्त सावध राहावे लागते. देशात नायट्रेट मर्यादेबाहेर असलेले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, २०२३ मध्ये ४४० झाले. दूषित नमुन्यांचा वाटा मात्र २१.६ वरून १९.८ टक्क्यांवर आला. जिल्हा मोजायला एक दूषित विहीर पुरते, त्यामुळे पहिला आकडा तपासणीच्या व्याप्तीबरोबरही वाढतो. महाराष्ट्रातील दूषित नमुन्यांचा वाटा सुमारे ३६ टक्के आहे आणि उमरेडच्या शेजारचा वर्धा जिल्हा देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत गणला गेला. गावाचा खरा कल कळण्यासाठी तीच विहीर, तोच महिना आणि निदान दहा वर्षांची नोंद लागते. एका वर्षीच्या मे महिन्याची दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरशी तुलना फसवी ठरते.

उपायांचा परिणाम उथळ विहिरीत लवकर दिसतो: उकिरडा दूर हलवणे, युरिया हप्त्याहप्त्याने देणे, त्यावर २०१५ पासून सक्तीचे झालेले कडुनिंबाचे लेपन. खोल जलस्तरांना वेळ लागतो. इंग्लंडच्या खडूच्या खडकात नायट्रेट वर्षाला जेमतेम मीटरभर उतरते. डेन्मार्कने १९८० च्या दशकात खतावर बंधने आणली, तेव्हा भूजलातील वाढ थांबून आकडे उतरू लागले, तेही नव्याने मुरलेल्या पाण्यात आधी आणि जुन्या पाण्यात फार नंतर.