सिंकवरचा पांढरा थर

शिरवळ परिसरातील खडक बेसॉल्टचा. त्यात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. म्हणूनच विहिरीचे, बोअरचे पाणी सिंकमध्ये वाळले की मागे पांढरा थर उरतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. साबणाने निघत नाही. त्यावर चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळून थोडा वेळ ठेवावे. त्यांतील आम्लाने थर विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. ओशटपणा काढायला मात्र सोडा किंवा राख, म्हणजे अल्कली हवी. मग दोन्ही एकत्र कालवले तर? ती एकमेकांना निष्प्रभ करतात. ब्लीचिंग पावडरमध्ये तर कोणतेही आम्ल मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. वर्गात अंड्याच्या कवचाच्या चुऱ्यावर लिंबू पिळून बुडबुडे दाखवा. खडू नको, तो बहुधा जिप्समचा असतो!