डोळे अनेक, नेम एक : सेन्सरच्या जुळणीबद्दलचे पाच गैरसमज

अर्जुन रणगाडा चेन्नईजवळच्या आवडीचा. तिथल्या सीव्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने त्याचा आराखडा केला आणि तिथल्याच हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत तो उभा राहतो. त्याची १२० मिलिमीटरची तोफ मात्र पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या प्रयोगशाळेत विकसित झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ११८ ‘अर्जुन मार्क-१ए’ रणगाड्यांची मागणी आवडीच्या या कारखान्याकडे नोंदवली गेली. या आवृत्तीत लक्ष्याचा आपोआप माग ठेवणारी यंत्रणा आहे.

धावत्या रणगाड्यातून धावत्या लक्ष्यावर नेम धरायचा, तर एका डोळ्यावर भागत नाही. दिवसा पाहणारी दुर्बीण, उष्णतेवरून पाहणारा थर्मल कॅमेरा, अंतर मोजणारा लेझर, डोलणं टिपणारे जायरो, वारा आणि रणगाड्याचा कल मोजणारी उपकरणं अशी सगळी फौज कामाला लागते. या सगळ्यांची एकमेकांशी जुळणी म्हणजे कॅलिब्रेशन. त्याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : सेन्सर जितके जास्त, तितका नेम अचूक.

वस्तुस्थिती : प्रत्येक सेन्सरला एखादीच गोष्ट नीट सांगता येते. कॅमेरा दिशा छान सांगतो, पण अंतराबाबत त्याचा अंदाज ढोबळच असतो. लेझर अंतर नेमकं सांगतो, पण किरण जिथे आदळला तिथलंच. लक्ष्य हुकून तो मागच्या टेकडीवर पडला, तर टेकडीचं अंतर इमानेइतबारे सांगून मोकळा होतो. जायरोला बाहेरचं काहीच दिसत नाही. आपण किती वळलो एवढंच त्याला कळतं. तेव्हा कॅमेऱ्याच्या चित्राचा मध्य आणि लेझरचा किरण एकाच जागी पोचतात की नाही, हे आधी ठरायला हवं. ते ठरलं नसेल, तर नवा सेन्सर म्हणजे परस्परविरोधी जबानी देणारा आणखी एक साक्षीदार.

गैरसमज २ : अर्ध्या अंशाने काय बिघडतं?

वस्तुस्थिती : कोनातली चूक अंतराबरोबर वाढत जाते. अर्ध्या अंशाची चूक दोन किलोमीटरवर सुमारे साडेसतरा मीटर होते. तेवढ्या जागेत दोन रणगाडे शेजारी शेजारी सहज उभे राहतील. म्हणून या क्षेत्रातली माणसं अंशांऐवजी मिलिरेडियनमध्ये बोलतात. एक मिलिरेडियन म्हणजे एक किलोमीटरवर एक मीटर, हिशेब सोपा.

शिवाय दुर्बीण तोफेच्या नळीत नसते, बाजूला असते. समजा दोघींत अर्ध्या मीटरचं अंतर आहे आणि दोन्ही रेषा एक किलोमीटरवर एकत्र आणल्या आहेत. मग दोन किलोमीटरवर त्या एकमेकींना ओलांडून पुन्हा अर्धा मीटर दूर गेलेल्या असतात. त्यामुळे जुळणी कोणत्या अंतरासाठी केली, याचीही नोंद लागते.

गैरसमज ३ : कारखान्यात एकदा जुळवलं की कायमचं.

वस्तुस्थिती : पोलादी नळीसुद्धा वाकते. उन्हाने वरची बाजू तापली किंवा पावसाने एकच बाजू गार झाली, की ती किंचित कललीच. डोळ्याला न दिसणारा हा बाक दूरच्या लक्ष्यावर नेम चुकवायला पुरतो. म्हणून नळीवर उष्णता सारखी पसरवणारं आवरण चढवतात आणि तोंडाशी छोटा आरसा बसवतात. आरशावरून परतलेला प्रकाश किती सरकला, त्यावरून नळी किती वाकली हे कळतं. जायरोही स्थिर ठेवला तरी हळूहळू भरकटतो आणि तापमानाप्रमाणे त्याचं भरकटणं बदलतं. किराणा दुकानातल्या तराजूलासुद्धा ठरावीक मुदतीनंतर पुन्हा तपासून शिक्का घ्यावा लागतो. हादरे खात धावणाऱ्या यंत्राला तर वारंवार तपासणी हवीच.

गैरसमज ४ : दिशा जुळली की काम संपलं.

वस्तुस्थिती : घड्याळंही जुळावी लागतात. कॅमेऱ्याचं चित्र तपासून निष्कर्ष यायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात ताशी ३६ किलोमीटरने जाणारं लक्ष्य दर दशांश सेकंदाला एक मीटर पुढे सरकतं. आपल्या रणगाड्याचा तोफेचा बुरूज सेकंदाला २० अंशांनी फिरत असेल, तर ०.०५ सेकंदाच्या गफलतीत दिशा एका अंशाने चुकते. म्हणून प्रत्येक नोंदीवर ती नेमकी कधीची, याचा शिक्का मारतात.

वेळेतल्या गफलतीची फार मोठी किंमत २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये मोजावी लागली. तिथली पेट्रियट ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ बंद न करता चालू होती. सेकंदाचा दहावा भाग तिच्या द्विमान गणितात पूर्ण बसत नव्हता, आणि उरलेला कण साठत साठत सुमारे ०.३४ सेकंदांची चूक झाली. वेळेच्या गणितातली सुधारणा प्रणालीत काही ठिकाणी झाली होती, काही ठिकाणी राहून गेली होती. रडारने पुढच्या वेळी क्षेपणास्त्र शोधलं ते सहाशेहून अधिक मीटर चुकीच्या जागी. इराकी स्कड क्षेपणास्त्र छावणीवर कोसळलं आणि २८ सैनिक मारले गेले. दुरुस्त केलेली प्रणाली तिथे दुसऱ्या दिवशी पोचली.

गैरसमज ५ : सगळ्यांची सरासरी काढली की चुका मिटतात.

वस्तुस्थिती : चुका दोन जातीच्या असतात. कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जाणारी चूक सरासरीत विरते. सतत एकाच बाजूला ओढणारी चूक हजार वेळा मोजूनही तशीच राहते. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेला गाळणीचा सिद्धांत आज मागोव्याच्या बहुतेक यंत्रणांचा पाया आहे. आधी लक्ष्य पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, मग येणाऱ्या मोजमापाला त्याच्या भरवशाप्रमाणे वजन द्यायचं, ही त्याची रीत. पण चूक दोन्ही बाजूंना सारखी विखुरते, हे ती गृहीत धरते. एकतर्फी चूक तिच्या जाळीतून सहज निसटते. तिला पकडायचं, तर अंदाज आणि मोजमाप यांतली तफावत बघायची. ती सारखी एकाच बाजूला झुकत असेल, तर कुठली तरी जुळणी ढळली आहे.

हे सगळं आपल्या खिशातही चालतं. नकाशावरचा निळा बाण भलतीकडे वळला, की फोन आपल्याला तो हवेत आठच्या आकारात फिरवायला सांगतो. बहुतेक वेळा फोनमधलं होकायंत्र बिघडलेलं नसतं. कव्हरच्या चुंबकासारख्या कशाने तरी ते एका बाजूला ओढलेलं असतं. फोन चहूकडे फिरवून ती ओढ किती हे मोजलं जातं आणि पुढच्या प्रत्येक मोजमापातून तेवढं वजा केलं जातं. आवडीतल्या रणगाड्यालाही, कितीतरी काटेकोरपणे, हेच करावं लागतं.