स्पीकरच्या नजरेस पडण्यासाठी उठाबशा

लंडन : बुधवारी दुपारी बारा वाजता ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधानांना प्रश्न विचारणे सुरू होते. त्यासाठी वेळ ठरलेली आहे अर्धा तास. पंतप्रधानांचे एक उत्तर संपले की हिरव्या बाकांवरचे पन्नासएक खासदार एकदम उभे राहतात. स्पीकर त्यांतल्या एकाचे नाव पुकारतात आणि बाकीचे मुकाट्याने खाली बसतात. पुढचे उत्तर संपले की पुन्हा सगळे उभे. तिथल्या बोलीत या उठाबशांना ‘बॉबिंग’ म्हणतात आणि त्यांच्या उद्देशाला ‘कॅच द स्पीकर्स आय’, म्हणजे स्पीकरची नजर आपल्याकडे वळवणे.

काही प्रश्नकर्त्यांची नावे आधीच चिठ्ठ्या काढून ठरलेली असतात आणि विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात. बाकीच्यांचा भरवसा या नजरेवर. दोन्ही बाजूंना आळीपाळीने संधी द्यायची, हा स्पीकरचा रिवाज. लांबलचक चर्चांमध्ये बोलायचे तर आधी पत्र पाठवायचे आणि तरीही उभे राहत राहायचे.

त्यात सभागृह दाटीवाटीचे. खासदार 650 आणि बसायला जागा सव्वाचारशेच्या आसपास. मे 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात जुने सभागृह जळाले, तेव्हा नवे मोठे बांधता आले असते. पण चर्चिल यांनी ते तेवढेच लहान ठेवण्याचा आग्रह धरला. दिसण्याची ही धडपड एके काळी डोक्यापर्यंत पोहोचली होती. मतविभागणी चालू असताना हरकतीचा मुद्दा मांडणाऱ्याला बसून, डोक्यावर टोपी घालून बोलावे लागे, म्हणजे तो गर्दीत चटकन दिसावा. त्यासाठी घडी होणारी उंच टोपी सभागृहातच ठेवलेली असे. 1998 मध्ये ही प्रथा मोडीत निघाली.

उठाबशा मात्र राहिल्या आणि त्यांची उणीव 13 मार्च 2024 रोजी साऱ्या देशाने पाहिली. हुजूर पक्षाच्या एका बड्या देणगीदाराने डायन अ‍ॅबट यांच्याविषयी काढलेल्या वर्णद्वेषी उद्गारांवरून त्या दिवशी सभागृह तापले होते. 1987 मध्ये निवडून आलेल्या त्या ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार. विषय त्यांचाच होता, पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते त्यावरच बोलत होते आणि अ‍ॅबट चाळीसहून अधिक वेळा उभ्या राहिल्या. त्यांचे नाव पुकारले गेले नाही. वेळ पुरली नाही, असे स्पीकरच्या कार्यालयाने सांगितले. ही सबब पटणारी नाही. जिच्याविषयी बोलले जात आहे तिला एक मिनिट देता आले असते.

महाराष्ट्राच्या वाचकाला इथे विधिमंडळातली ‘लक्षवेधी’ आठवेल. लेखी सूचना देऊन मंत्र्याचे लक्ष तातडीच्या प्रश्नाकडे वेधायचे, हा प्रकार ब्रिटिशांकडून आलेला नाही. 1954 मध्ये लोकसभेने तो स्वतः घडवला. सूचना कागदावर असल्याने ती कोणी दिली याची नोंद तरी राहते.

ब्रिटनलाही कागदाचा अनुभव आहे. कोरोनाच्या काळात, 2020 पासून, बोलणाऱ्यांची यादी आधीच जाहीर होऊ लागली होती. त्याने चर्चेतला उत्स्फूर्तपणा गेला, ही टीका खरी आहे. तरीही ती यादी पुन्हा सुरू व्हायला हवी. आपला खासदार आज बोलणार की नुसताच उठत-बसत राहणार, हे त्याच्या मतदारांना सकाळीच कळले पाहिजे.