भेगेला आधी पाणी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूर जिल्ह्यातल्या मावशीकडे गेले, तेव्हा ती विळ्याच्या टोकाने मधल्या खोलीची भिंत कोरत होती. मातीची जुनी भिंत. उन्हाने माती आक्रसली की तिला भेगा पडतात, कुठे केसाएवढ्या, कुठे बोट जाईल एवढ्या. त्या भिंतीला लागूनच वहिनीच्या चार वर्षांच्या लेकाची बाज होती.

मावशी भेग बुजवण्याऐवजी आधी ती मोठी करत होती. सुटी माती, जुनं जाळं, उंदराने ओढून आणलेला काडीकचरा असं सगळं तिने विळ्याने खरवडून खाली पाडलं आणि केरसुणीने धूळ झाडली. मग तांब्यातलं पाणी ओंजळीने भेगेत सोडलं. भिंतीने ते गटागटा ओढून घेतलं. तिने पुन्हा सोडलं. मी माती उचलायला गेले तर म्हणाली, "थांब ना व बाई. भेगंले आधी पाणी पाजा लागते. तहानली भेग मातीचंच पाणी पिते, अन् मंग दोन दिसांत उकलते."

आदल्या रात्री भिजवलेली चिकणमाती पायाने तुडवून लोण्यासारखी झाली होती. तिच्यात जवळजवळ निम्मी बारीक रेती आणि थोडा चुना. रेतीमुळे माती सुकताना कमी आक्रसते. मावशीने गोळा वळला, अंगठ्याने भेगेत दाबला आणि दाबतच राहिली. वरून नुसता थर दिला तर आत पोकळी राहते, म्हणून माती तळापर्यंत गेली पाहिजे. आत गेलेल्या मातीचा दाब अंगठ्याला लागतो, असं ती म्हणाली. मी करून पाहिलं. सहाव्या-सातव्या भेगेला मलाही तो लागला.

हे सगळं ज्या जिवासाठी चाललं होतं, तो वहिनीने मला संध्याकाळी दाखवला. गोठ्याच्या भिंतीशी तिने टॉर्च तिरपा धरला. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, मातकट, केसाळ, पंख उभे धरून बसलेला. उजेड पडताच तो उडाला म्हणण्यापेक्षा टुणकन बाजूला सरकला. ही वाळूमाशी. गावात तिला चिलटातच मोजतात. ती डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे झोपलेल्या लेकराला चावून गेली तरी कळत नाही. दिवसा अंधाऱ्या, दमट फटीत बसते. अंडीही तशाच जागी घालते आणि अळ्या तिथल्या कुजक्या कचऱ्यावर वाढतात. तिला लांब उडता येत नाही. म्हणून भिंत आणि बाज यांच्यातलं अंतर महत्त्वाचं.

चांदीपुरा विषाणू हिच्या चाव्यातून पसरतो. १९६५ साली तो पहिल्यांदा सापडला तोही याच भागात, नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. महाराष्ट्रातही त्याच वर्षी साथ होती, आणि २०२४ मध्ये गुजरातेत. यावर लस नाही, खास औषध नाही. पावसाळ्याच्या तोंडावर लेकराला अचानक सणसणून ताप आला, उलट्या, झटके सुरू झाले किंवा ते गुंगीत जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. ही मुलं एक-दोन दिवसांत हातची जाऊ शकतात.

मुलांना किडे चावू नयेत म्हणून आपण आधी मलमाची ट्यूब शोधतो. मलम उपयोगी आहेच. मात्र डीईईटी असलेलं मलम दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायचं नाही. मोठ्या मुलांच्याही हातांना नाही, कारण हात तोंडात जातात. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. मच्छरदाणी दाट विणीची किंवा औषध लावलेली हवी, साध्या जाळीतून वाळूमाशी आत शिरते. पण मला मनापासून वाटतं की लेकराच्या कातडीआधी भिंतीकडे बघायला हवं. तिथेच माशीचं घर असतं.

आणि भिंतीच्या कामाला क्रम आहे. गेल्या वर्षी इथे फवारणी झाली, भिंतींवर पांढुरके डाग उमटले, आणि आठवड्याभराने घरात कार्य निघालं म्हणून सगळी भिंत सारवून काढली. औषध मातीखाली गेलं. माशी भिंतीवर बसते आणि औषध तिच्या पायांना लागून ती मरते. त्यावर मातीचा हात फिरला की सगळी मेहनत वाया. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. नंतर गावच्या आशा कार्यकर्तीने वहिनीला ते नीट समजावलं. म्हणून या वर्षी भेगा मे महिन्यातच बुजवायच्या, उकिरडा घरापासून दूर न्यायचा, आणि फवारणीनंतर अडीच-तीन महिने भिंतीला हात लावायचा नाही असं ठरलं. मावशीला शेवटची अट जड गेली, पोळ्याला घर सारवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. जमीन सारवीन, भिंतीला शिवणार नाही, यावर ती राजी झाली.

त्या रात्री वहिनीने बाज भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि मच्छरदाणीची कड गोधडीखाली चारी बाजूंनी खोचली. लेकराचा एक पाय जाळीला टेकला होता. तिने तो हळूच आत घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बुजवलेल्या एका भेगेच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. माझं पाणी कमी पडलं होतं. मावशी काही बोलली नाही. तिने तांब्या माझ्या हातात दिला.